केसांच्या आधी वाढणारे पैलवान

२०२४ च्या मार्चमध्ये ओसाकाच्या स्पर्धेत ताकेरुफुजी नावाच्या पैलवानाने सुमोची सर्वोच्च श्रेणी जिंकली. त्या श्रेणीतली ती त्याची पहिलीच स्पर्धा होती. चौदाव्या दिवशी उजवा घोटा असा दुखावला की त्याला व्हीलचेअरवरून न्यावं लागलं. पंधराव्या दिवशी तो परत आला, लढला आणि जिंकला. वरच्या श्रेणीत आल्याआल्या जेतेपद मिळवायचा पराक्रम त्याआधी १९१४ साली झाला होता, म्हणजे ११० वर्षांपूर्वी.

माझं लक्ष मात्र त्याच्या डोक्याकडे होतं. वरच्या दोन श्रेणींतले पैलवान लढतीच्या वेळी जिंकगो या झाडाच्या पानासारखी पसरट शेंडी बांधतात, तिला ओइचो म्हणतात. ताकेरुफुजीची शेंडी साधीच होती, कारण ओइचो बांधण्याइतके केस वाढलेच नव्हते. पुढच्याच, मे महिन्याच्या स्पर्धेत ओनोसातो जिंकला. त्याचीही तीच गत.

सुमोत केस म्हणजे एक प्रकारचं घड्याळ. भरती झाल्यापासून केस कापायचे नाहीत, वाढवायचे. साधारणपणे वर पोचेपर्यंत वर्षं जातात आणि तोवर केस केव्हाच कमरेकडे निघालेले असतात. एखादा पैलवान केसांच्या आधी वर पोचला, की समजावं, हे प्रकरण वेगळं आहे. अशी प्रकरणं ती वर पोचायच्या आधीच ओळखता येतात का? सुमो बघणाऱ्यांचा हा आवडता उद्योग आहे. खालच्या श्रेणीतला एखादा अठरा वर्षांचा मुलगा हेरायचा, दर दोन महिन्यांनी त्याची बढती-घसरण बघायची, आणि तो मोठा झाला की "मी म्हटलं होतं" म्हणायचं. हा उद्योग करायला काय कळावं लागतं, ते सांगतो.

शिडी

सुमोत वजनी गट नाहीत. आपल्याकडच्या कुस्तीत ५७ किलोचा पैलवान ५७ किलोवाल्याशीच लढतो. सुमोत शंभर किलोच्या मुलासमोर पावणेदोनशे किलोचा माणूस उभा राहू शकतो. लढती लावण्याचं काम वजनकाटा करत नाही, एक यादी करते. तिचं नाव बानझुके.

बानझुके म्हणजे साधारण सहाशे पैलवानांची क्रमवार यादी. प्रत्येक स्पर्धेआधी ती नव्याने निघते. स्पर्धेला बाशो म्हणतात आणि वर्षात सहा बाशो होतात: जानेवारी, मे आणि सप्टेंबरला टोकियोत, मार्चला ओसाकात, जुलैला नागोयात, नोव्हेंबरला फुकुओकात. यादी ब्रशने, हाताने लिहिली जाते. सगळ्यात वरच्यांची नावं जाड, ठसठशीत. खाली येताना अक्षरं बारीक होत जातात, आणि तळाची नावं तर केसाएवढी. तळाच्या श्रेणीला पैलवान गमतीने "भिंग" म्हणतात. तिथलं नाव वाचायला भिंगच लागतं.

यादीत सहा श्रेणी आहेत. वरून पहिली माकुउची, तिच्यात ४२ जण. योकोझुना (सर्वोच्च पद), ओझेकी (त्याखालचं पद) हे बडे लोक याच श्रेणीत. तिच्या खाली जुर्यो, २८ जण. त्याखाली माकुशिता, १२० जण. मग सानदानमे, जोनिदान आणि तळाला जोनोकुची. प्रत्येक क्रमांकावर दोन जण, एक पूर्वेचा आणि एक पश्चिमेचा, आणि पूर्वेचा अर्ध्या पायरीने वरचा.

वरच्या दोन श्रेणींतले ७० जण बाशोच्या पंधराही दिवशी रोज लढतात. बाकीचे पंधरा दिवसांत फक्त सात वेळा. हिशेब सरळ आहे. हारीपेक्षा जिती जास्त झाल्या, म्हणजे वर आठ किंवा खाली चार, तर ती काचिकोशी, आणि बढती. जितींपेक्षा हारी जास्त झाल्या तर माकेकोशी, आणि घसरण. किती जिंकलात आणि किती हरलात यावर किती पायऱ्या ते ठरतं. चार-तीन झाल्यास थोड्या पायऱ्या, सात-शून्य झाल्यास थेट उड्डाण. गैरहजर राहिलात तर प्रत्येक न झालेली लढत हारीसारखी धरतात.

तळाची सात-शून्य फार बोलत नाही

नवा प्रेक्षक इथेच फसतो. मीही फसलो होतो. एखादा मुलगा तळाला सात-शून्य करतो, पुढच्या वेळी त्याच्या वरच्या श्रेणीत पुन्हा सात-शून्य करतो, आणि आपण लगेच भावी योकोझुना सापडल्याचं जाहीर करतो.

खालच्या श्रेणींत लढती कशा लावतात ते पाहा. ज्याच्या जितक्या जिती, त्याची गाठ तितक्याच जिती असलेल्याशी. तीन-शून्य वाल्यासमोर तीन-शून्य वाला. म्हणजे प्रत्येक फेरीत न हरलेल्यांची संख्या निम्मी होते. माकुशितात १२० जण. पहिल्या फेरीनंतर ६० न हरलेले, मग ३०, मग १५, आणि सातव्या फेरीअखेर बहुधा एकच उरतो. एकाच हेयाचे, म्हणजे एकाच तालमीचे, दोन पैलवान एकमेकांशी लढत नाहीत, त्यामुळे हिशेब कधी कधी थोडा हलतो. पण मुद्दा हा, की प्रत्येक श्रेणीत दर बाशोला कुणीतरी एक-दोघं सात-शून्य करणारच. ती संधी गणितातच आहे.

शिवाय तळाला कोण असतं बघा. पंधराव्या वर्षी शाळा सोडून आलेली, अजून अंग न भरलेली पोरं. चाळिशीकडे झुकलेले, तिथेच समाधानी असलेले जुने पैलवान. गुडघा मोडून खाली आलेले. त्यांच्यात विद्यापीठाच्या सुमो क्लबमध्ये चार वर्षं घासलेला बावीस वर्षांचा गडी सोडला, तर तो सात-शून्य करणारच. जोकोर्यू नावाच्या पैलवानाने २०११ मध्ये पदार्पणापासून सलग २७ लढती जिंकल्या. तो विक्रम आहे. पुढे तो कोमुसुबी या चौथ्या दर्जाच्या पदापर्यंत पोचला, मग दुखापतींनी पगारी श्रेणींच्या खाली आला. वाईट कारकीर्द नव्हे, पण २७-० वरून जे स्वप्न पडतं तेही नव्हे.

म्हणून तळाच्या निकालांचा मी एवढाच अर्थ काढतो: मुलगा तिथे अडला नाही. मला हवी असते ती पहिली जागा जिथे तो अडतो, आणि अडल्यावर तो काय करतो ते. माझ्या वहीत प्रत्येक नावापुढे एक रकाना यासाठीच मोकळा ठेवलेला असतो.

खरं दार

बहुतेकांसाठी ही जागा एकच असते. माकुशिताचा वरचा भाग, जुर्योच्या दारातला.

त्या दाराच्या दोन बाजूंना काय आहे ते कळल्याशिवाय तिथली झुंज कळत नाही. जुर्योत आलेल्याला पगार मिळतो. २०१९ मध्ये ठरलेल्या आकड्यांनुसार महिन्याला ११ लाख येन. माकुशितात पगारच नाही, दर बाशोला १ लाख ६५ हजार येन भत्ता, तोही दोन महिन्यांतून एकदा. जुर्योत आलेल्याला स्वतंत्र खोली, रेशमी रंगीत मावाशी (कमरेला गुंडाळायचा लंगोट), मिरवणुकीसाठी नक्षीदार केशो-मावाशी, रिंगणात मीठ उधळायचा मान, आणि हाताखाली सेवक. तो सेवक कोण? बहुतेक वेळा माकुशितात किंवा त्याखाली असलेला त्याच हेयाचा पैलवान. म्हणजे आज जो दुसऱ्याची पाठ चोळतो, त्याचे कपडे धुतो, चान्को नावाच्या रश्शाचं भलंमोठं पातेलं शिजवतो आणि सगळ्यांच्या शेवटी जेवतो, तो एका बाशोनंतर स्वतः वाढून घेणारा होऊ शकतो. आणि उलटही. जपानी लोक या दोन श्रेणींच्या फरकाला स्वर्ग आणि नरक म्हणतात. तळाच्या दोन श्रेणींत तर भर हिवाळ्यातही सुती युकाता (झगा) आणि लाकडी गेता (खडावा) यांवरच फिरायचं, वर कोट घालायची परवानगी नाही.

आता दार किती अरुंद ते पाहा. जुर्योत जागा २८ आणि त्या रिकाम्या झाल्या तरच वर जायचं. कुणी खाली घसरला, कुणी निवृत्त झाला, कुणी वर माकुउचीत गेला, तर एखाद-दुसरी जागा सुटते. माकुशिताच्या पहिल्या पाच क्रमांकांवरचे दहा जण तिच्यावर डोळा ठेवून असतात. चार-तीन करूनही कुणाला थांबावं लागतं, कारण त्या बाशोला वरून कुणी घसरलंच नाही. दुसऱ्या वेळी तेवढीच कामगिरी करून दुसरा कुणी आत शिरतो. पहिल्या पंधरा क्रमांकांत सात-शून्य केलं तर मात्र बढती जवळपास हमखास. त्याखालच्याला सात-शून्य करूनही थांबावंच लागतं.

त्या दहा जणांत कोण असतं? वर जाऊ पाहणारी तरुण पोरं, आणि वरून नुकतेच घसरलेले, पगार गमावलेले, संसार असलेले तिशीतले पैलवान. दुसऱ्या गटाकडे हरायला जागा नसते. बाशोच्या शेवटच्या दिवसांत माकुशिताच्या वरच्याला जुर्योच्या तळाच्याशी मुद्दाम झुंजवतात. एक जिंकला की दोघांची आयुष्यं अदलाबदल. त्या एका लढतीपुरती माकुशिताच्या पैलवानाला ओइचो बांधायची मुभा असते. संपूर्ण सुमोत मला ही लढत सगळ्यात जास्त बघावीशी वाटते, योकोझुनांच्या लढतीपेक्षाही.

आता ओनोसातोकडे या. इशिकावा प्रांतातल्या त्सुबाताचा मुलगा. माध्यमिक शाळेपासूनच सुमोसाठी घर सोडून निगाता प्रांतातल्या इतोइगावाला शिकला, मग निप्पोन क्रीडाविज्ञान विद्यापीठात दोनदा हौशी गटाचा राष्ट्रीय विजेता झाला. २०२३ च्या मे महिन्यात तो व्यावसायिक सुमोत आला. मे २०२४ मध्ये पहिलं जेतेपद, त्याच वर्षी सप्टेंबरनंतर ओझेकी, आणि मे २०२५ नंतर ७५ वा योकोझुना. पदार्पणापासून १३ बाशोंत. वर्षाला सहा बाशो १९५८ पासून होतात. तेव्हापासूनचा हा विक्रम आहे, आधीचा वाजिमाच्या नावावर २१ बाशोंचा होता.

हा सगळ्यात जलद माणूस त्या दारात कसा वागला? व्यावसायिक म्हणून पहिली लढत हरला. पहिल्या बाशोत सहा-एक. दुसऱ्यात, २०२३ च्या जुलैत, माकुशिताच्या तिसऱ्या क्रमांकावर चार-तीन. फक्त चार-तीन! तेवढ्या आकड्यावरून कुणी त्याला भावी योकोझुना म्हटलं नसतं. पण अडला तिथे तो मागे गेला नाही, कसाबसा का होईना काचिकोशी काढून दारातून आत गेला, आणि आत गेल्यावर दोन बाशो लागोपाठ बारा-तीन केले. अशा चार-तीनची किंमत तळाच्या सात-शून्यपेक्षा मी कितीतरी जास्त धरतो.

कुठून चढायला सुरुवात केली

सगळे तळापासून चढत नाहीत, हे नव्या प्रेक्षकाला उशिरा कळतं. साधा मार्ग असा: भरती व्हायचं, यादीत नसलेल्या नवशिक्यांच्या लढती, म्हणजे माएझुमो, खेळायच्या, आणि पुढच्या बाशोला जोनोकुचीत नाव लागायचं. पण हौशी गटात मोठी जेतेपदं मिळवलेल्यांना मधूनच शिडीवर चढू देतात. याला त्सुकेदाशी म्हणतात. ओनोसातो अशा मार्गाने माकुशिताच्या दहाव्या क्रमांकावरून सुरू झाला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सुमो संघटनेने हा नियम आवळला. आता हौशी गाजलेल्यांनाही माकुशिताच्या तळाला, म्हणजे साठाव्या क्रमांकाला, किंवा सानदानमेच्या तळाला बसवतात. म्हणून बाशोंची संख्या सरळ मोजून तुलना करू नये. ओनोसातोचे १३ आणि तळापासून आलेल्या कुणाचे १३ हे दोन वेगळे आकडे आहेत.

वयही बघावं लागतं. विद्यापीठातून आलेला बावीस वर्षांचा पैलवान तयार माल असतो, पंधराव्या वर्षी आलेला कच्चा. ताकानोहाना पंधराव्या वर्षी आला, १७ वर्षं ८ महिन्यांचा असताना माकुउचीत पोचला आणि १९ वर्षं ५ महिन्यांचा असताना जेतेपद मिळवलं. हे दोन्ही विक्रम अजून त्याच्याच नावावर आहेत. दुसऱ्या टोकाला एन्दो. २०१३ च्या मार्चला माकुशिताच्या दहाव्या क्रमांकावरून सुरू झाला, तीन बाशोंत माकुउचीत. त्याचेही केस वाढले नव्हते, आणि सगळा जपान त्याच्या मागे वेडा झाला होता. २०१५ च्या मार्चला डावा गुडघा गेला. नंतर तो वर्षानुवर्षं वरच्या श्रेणीत टिकला, देखणं सुमो खेळला, पण कोमुसुबीच्या वर गेला नाही. तोही इशिकावाचाच, आनामिझुचा. इशिकावाच्या लोकांनी एन्दोत जे पाहिलं होतं ते दहा वर्षांनी ओनोसातोत मिळालं, असं म्हणायला हरकत नाही.

आणि मग सध्याचं सगळ्यात गोड कोडं, आओनिशिकी. युक्रेनच्या विन्नित्सियाचा मुलगा, जन्म २००४ चा. २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर आधी जर्मनी, मग जपान. त्सुकेदाशी नाही. माएझुमोपासून सुरुवात सप्टेंबर २०२३ ला. जोनोकुचीत सात-शून्य, जोनिदानमध्ये सात-शून्य. इथपर्यंत वर सांगितल्याप्रमाणे मी ताळेबंद मांडत नव्हतो. पण माकुशिता त्याला अडवू शकली नाही, जुर्यो दोन बाशोंत पार, आणि मार्च २०२५ ला तो माकुउचीत आला. तिथे लागोपाठ चार बाशो अकरा-चार. चारही वेळा तोच आकडा, दर वेळी प्रतिस्पर्धी आधीपेक्षा कठीण. मग नोव्हेंबरला फुकुओकात योकोझुना होशोर्यूला निर्णायक लढतीत हरवून जेतेपद, आणि ओझेकी. तिथे पोचेपर्यंत एकही माकेकोशी नाही. माझ्या वहीतला त्याच्यापुढचा "कुठे अडला" हा रकाना ओझेकी होईपर्यंत मोकळाच राहिला.

(वही ठेवणार असाल तर एक व्यावहारिक सूचना. नावं बदलतात. कित्येक हेयांमध्ये पोरगा जुर्यो किंवा माकुउची गाठेपर्यंत स्वतःच्या आडनावानेच लढतो. योकोझुना किसेनोसातो आधी हागिवारा होता. ओझेकी कोतोझाकुरा आधी कोतोनोवाका आणि त्याआधी कोतोकामातानी होता. शेवटी त्याने आजोबांचं, योकोझुना कोतोझाकुराचं नाव घेतलं. एकाच माणसाची तीन नावं आपण तीन माणसं समजून बसतो.)

समोर कोण होतं

२०१९ च्या मार्चला जोनिदान श्रेणीत दोघं जण सात-शून्य झाले. निर्णायक लढतीत रोगा नावाच्या विशीतल्या पैलवानाने समोरच्याला हरवलं. हा समोरचा तेरुनोफुजी. २०१५ चा ओझेकी. गुडघे, मधुमेह, यकृत यांनी त्याला ओझेकीच्या पदावरून जोनिदानच्या ४८ व्या क्रमांकापर्यंत आणून सोडलं होतं. एवढ्या खाली गेलेला ओझेकी परत आल्याचं सुमोने कधी पाहिलं नव्हतं. तेरुनोफुजी परत आला, जुलै २०२० ला माकुउचीच्या जवळपास तळावरून जेतेपद मिळवलं, आणि २०२१ मध्ये ७३ वा योकोझुना झाला.

त्या मार्चला तेरुनोफुजीशी गाठ पडून हरलेल्या जोनिदानच्या पोरांचा आकडा वाचताना ही गोष्ट दिसत नाही. सहा-एक मधला तो एक कुणामुळे आला, हे बघायला लढतींची यादी उघडावी लागते. त्या रोगा नावाच्या पैलवानाचं म्हणाल तर तो पुढे माकुउचीपर्यंत आला.

मोडलेला खांदा

दुखापतीवर सगळ्यात जास्त वेळ घालवावा लागतो आणि सगळ्यात कमी हाती लागतं.

ओचिआइ नावाचा तोत्तोरी प्रांतातल्या कुरायोशीचा मुलगा शाळेत असतानाच देशातला सर्वोत्तम शालेय सुमोपटू होता. माजी योकोझुना हाकुहोच्या हेयात आला. जानेवारी २०२३ ला माकुशिताच्या पंधराव्या क्रमांकावरून पहिली स्पर्धा, सात-शून्य, आणि एकाच बाशोत जुर्यो. १९२६ पासूनच्या काळात असं कुणी केलं नव्हतं. मे महिन्यात जुर्योत चौदा-एक. जुलैत माकुउचीत पदार्पण, हाकुओहो या नव्या नावाने, अकरा-चार, शेवटच्या दिवसापर्यंत जेतेपदाच्या शर्यतीत. वय १९.

ऑगस्टमध्ये त्याच्या डाव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. सप्टेंबर आणि नोव्हेंबर दोन्ही बाशो बुडाले आणि तो सरळ माकुशितात येऊन पडला. पगारही गेला, खोलीही गेली.

पूर्वी असं नव्हतं. १९७२ पासून २००३ पर्यंत लढतीत दुखापत झालेल्याला एक बाशो विश्रांती मिळायची, क्रमांक न गमावता. तिचा गैरवापर होतो म्हणून ती पद्धत बंद केली. परिणाम असा, की पोरं मोडक्या घोट्याने लढतात, कारण न लढल्यास दर बाशोला माकेकोशी चढत जाते. ताकेरुफुजी पंधराव्या दिवशी रिंगणात आला ते आपण शौर्य म्हणून वाचतो. मला ते शौर्यही वाटतं आणि संघटनेच्या नियमांचा हिशेबही दिसतो. हाकुओहो पुन्हा माकुउचीत आला, पण २०२३ मध्ये त्याला ओनोसातोच्या पुढे धरणारे लोक होते. मीही त्यांत होतो.

कसा जिंकतो

आकड्यांच्या पलीकडे एकच गोष्ट मी बघतो: पहिल्या सेकंदाला पाय कुठे जातात. सुमोची लढत बहुतेक वेळा काही सेकंदांची. सुरुवातीच्या झेपेला ताचिआइ म्हणतात. झेप घ्यायच्या ऐवजी पटकन बाजूला सरून समोरच्याला तोंडघशी पाडणं म्हणजे हेन्का. नियमाने चालतं, लोकांना आवडत नाही. तरुण पैलवान हेन्का करून किंवा मागे सरत, ओढून पाडून जिंकत असेल तर त्या जिती अर्ध्या धरा. खाली ते चालतं. वर ४२ जणांत मागे गेलेल्याला रिंगणाची कड सापडायला वेळ लागत नाही. रिंगणाचा व्यास जेमतेम साडेचार मीटर. आओनिशिकी उलट. कुस्तीही खेळलेला, डोकं समोरच्याच्या छातीखाली, पाठ वाकलेली, आणि पाय सतत पुढे. मागे खेचून त्याला पाडणं फार अवघड, आणि तोच त्याच्या चढाईचा अर्धा खुलासा आहे.

आणि मग हाकुहो

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल की भविष्य सांगता येतं. ऑक्टोबर २००० मध्ये मंगोलियाहून काही मुलं ओसाकाला आली. हेयाचे प्रमुख, म्हणजे ओयाकाता, येऊन त्यांतली चांगली निवडून घेऊन गेले. एका पंधरा वर्षांच्या मुलाला कुणी घेतलं नाही. वजन ६२ किलो. वडील १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमधले कुस्तीतले रौप्यपदक विजेते, तरीही नाही. परतीच्या तयारीत असताना अगदी शेवटी मियागिनो हेयाने घेतलं. यादीत नाव लागल्यावर पहिल्याच बाशोत, जोनोकुचीत, सगळ्यात तळाला, त्याची माकेकोशी. तीन-चार.

तो हाकुहो. ४५ जेतेपदं, सुमोच्या इतिहासात सगळ्यात जास्त. माझ्या कसोटीने मी त्याला वहीत घेतलं नसतं. तळालाच अडला होता की.

त्याच्या उलट मार्च १९८८. त्या एका बाशोला भरती झालेल्या पोरांत आकेबोनो, ताकानोहाना आणि वाकानोहाना होते, तिघेही पुढे योकोझुना. त्यांच्याबरोबरच काइओ, जो ओझेकी झाला. त्या महिन्यात कुणी डोळे मिटून चार नावं लिहून ठेवली असती तरी बरोबर आली असती, असं वाटतं. पण त्या दिवशी ती फक्त बारीक केस कापलेल्या मुलांची रांग होती.

मार्चचा बाशो अजूनही तसाच असतो. जपानची शाळा मार्चमध्ये संपते, म्हणून सगळ्यात जास्त भरती याच बाशोला. १९९२ मध्ये १६० मुलं आली होती, आता त्याचा छोटासा अंश येतो. खालच्या लढती जपानी वेळेनुसार सकाळी साडेआठच्या आसपास सुरू होतात, आपल्याकडे पहाटेचे पाच. वरची श्रेणी आपल्या दुपारी साडेबाराच्या सुमाराला. पहाटे उठलात तर जवळजवळ रिकाम्या सभागृहात, मिठाशिवाय, काळ्या सुती मावाशीत मुलं भराभर लढून जाताना दिसतील. निम्म्यांची नावं अजून आईवडिलांनी ठेवलेलीच.

माएझुमो संपल्यावर या नव्या मुलांना रिंगणावर उभं करून प्रेक्षकांना ओळख करून देतात. त्या दिवशी प्रत्येकाने नक्षीदार केशो-मावाशी नेसलेली असते. ती त्याची नसते. ओयाकाताची किंवा हेयातल्या वरच्या कुणाची तरी, त्या दिवसापुरती उसनी. बऱ्याच मुलांना ती मोठी होते, खालून जमिनीला टेकते. ओळख संपली की ती परत करायची.